मोडलेला मणका आणि न केलेलं ऑपरेशन

इंग्लंडमधल्या मॅन्सफिल्डच्या परिसरात कोळशाच्या खाणी होत्या. छत कोसळलं, की वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवर दगड यायचा आणि पाठ जिथे कमरेला मिळते तिथला मणका चेपायचा. ई. ए. निकोल या अस्थितज्ज्ञाने अशा १५२ खाणकामगारांचा अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध केला. मणका एक्स-रेमध्ये पूर्ववत दिसतो की पाचरीसारखा चेपलेलाच राहतो, यावरून माणूस पुन्हा खाणीत उतरेल की नाही हे सांगता येत नाही, असं त्याला आढळलं. चेपलेल्या मणक्यानिशी माणसं कोळसा खणत होती. ज्यांचा मणका भक्कम होता, त्यांना प्लास्टरमध्ये न अडकवता लवकर पाठीचे व्यायाम दिले, तर ती अधिक चांगली सावरत होती.

हे म्हणणं त्या काळी धाडसाचं होतं. व्हिएन्नात १९२५ पासून अपघात रुग्णालय चालवणारे लोरेन्झ ब्योलर आणि इंग्लंडातले रेजिनाल्ड वॉटसन-जोन्स यांची पद्धत तेव्हा प्रमाण मानली जाई. रुग्णाच्या पाठीला मागे कमान द्यायची, चेपलेला मणका त्या ताणाने उघडायचा आणि छातीपासून ओटीपोटापर्यंत प्लास्टरचं जाकीट चढवायचं. ब्योलर यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मानलीच पाहिजे. जाकीट चढवून ते रुग्णाला निजवून ठेवत नसत, चालायला आणि व्यायाम करायला लावत.

निकोलने दिलेली खरी देणगी म्हणजे भक्कम आणि डळमळीत फ्रॅक्चर यांतला फरक. मणक्याचा पुढचा भाग चेपला, पण मागचे अस्थिबंध शाबूत असले, तर कणा आपला भार पेलतो. ते अस्थिबंध तुटले, की मणका सरकू शकतो आणि आतल्या मज्जारज्जूवर गदा येते. शेफिल्डच्या फ्रँक होल्ड्सवर्थ यांनी १९६३ मध्ये हा विचार आणखी नेमका केला. आज सीटी आणि एमआरआय हाताशी आहेत, तरी डॉक्टर शोधतो ते हेच.

मज्जारज्जूलाच इजा झाली असेल तर? पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांपैकी बहुतेक जण थोड्याच काळात दगावत. मणक्यापेक्षा बेडसोर आणि लघवीचा जंतुसंसर्ग त्यांचा जीव घेई. नाझी राजवटीतून १९३९ मध्ये इंग्लंडात आलेले ज्यू मज्जाशल्यविशारद लुडविग गुटमान यांच्याकडे १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातला नवा विभाग सोपवण्यात आला. त्यांची पद्धत अशी: मोडलेल्या जागी उशा लावून कण्याला हळूहळू मूळ आकारात आणायचं, आठवड्यामागून आठवडे तसंच ठेवायचं, आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. कूस बदलताना डोकं, धड आणि पाय एकाच वेळी वळले पाहिजेत, मधे पीळ पडता कामा नये. त्यासाठी तीन-चार माणसं एका इशाऱ्यावर काम करत. मूत्राशय निर्जंतुक नळीने ठरलेल्या वेळी रिकामं करण्याची शिस्त त्यांनी घातली.

विनाशस्त्रक्रिया उपचार म्हणजे काहीच न करणं, हा समज या वॉर्डाकडे पाहिलं की गळून पडतो. ऑपरेशन काही तासांचं असतं. इथे तीन महिने, रात्रंदिवस, माणसांच्या हातांनी उपचार चालत. गुटमान यांचे सहकारी हान्स फ्रँकेल यांनी १९६९ मध्ये अशा ६१२ रुग्णांचा आढावा छापला. इजेची तीव्रता मोजणारी त्यांची ए ते ई श्रेणी पुढे जगभर रुळली.

याच वॉर्डाच्या हिरवळीवर २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशी, धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचा उगम तिथला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून आले, ते याच वाटेने. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, जखमी जवानांसाठी खडकीला पुनर्वसन केंद्र उभं राहिलं.

दरम्यान कण्याच्या ऑपरेशनसाठी पॉल हॅरिंग्टन यांचे धातूचे दांडे आले, मग मणक्यात थेट बसणारे स्क्रू आले. ज्यांचा कणा खरोखर डळमळीत आहे, ज्यांच्या पायांतली ताकद कमी होत चालली आहे, त्यांच्यासाठी हे वरदान आहे. अशांनी ऑपरेशन टाळू नये. प्रश्न उरतो तो मज्जारज्जू शाबूत असलेल्या, भक्कम फ्रॅक्चरच्या रुग्णांचा. अमेरिकेत किर्कहॅम वूड आणि सहकाऱ्यांनी अशा ४७ जणांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं आणि २००३ मध्ये निकाल मांडला: ऑपरेशनचा ठोस फायदा दिसला नाही, गुंतागुंत मात्र त्या गटात अधिक. १६ ते २२ वर्षांनी त्यांच्यातल्याच रुग्णांना पुन्हा तपासलं, तेव्हा ऑपरेशन न केलेल्यांना दुखणं कमी होतं. २००६ मधल्या एका छोट्या डच चाचणीने उलट कौल दिला, तोही नजरेआड करता येत नाही. माझा स्वतःचा कल वूड यांच्या बाजूने आहे, कारण वीस वर्षांनंतरची पाठ हीच रुग्णाची खरी पाठ.

पाठीला बांधायच्या पट्ट्याचंही तसंच. कॅनडात ९६ रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक पट्टा घातलेले आणि न घातलेले सारखेच बरे झाले. पट्ट्याने धीर येतो, हे खरं, आणि घाबरलेल्या रुग्णाला धीराची गरज असतेच. पण तो महिनोन्‌महिने आवळून बसल्याने पाठीचे स्नायू कमजोर होऊ शकतात. आपल्याकडे नारळाच्या झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेल्या माणसाला घरी पाठवताना पट्टा हमखास मिळतो. व्यायाम शिकवायला मात्र कुणी बसत नाही. पायाला मुंग्या, पाय लुळा वाटणं किंवा लघवी अडणं, यांपैकी काही झालं तर तासाभरात परत या, हे घरच्यांना कागदावर लिहून द्यायला किती वेळ लागतो?

सगळ्यांत मोठी संख्या मात्र झाडावरून पडलेल्यांची नाही. ती हाडं ठिसूळ झालेल्या आजींची आहे. बादली उचलली, पलंगावर जरा जोरात बसल्या, आणि मणका दबला. वयामुळे पाठ वाकली असं समजून घरात कुणी लक्ष देत नाही. अशी तीनातली दोन फ्रॅक्चर वेळेवर ओळखलीच जात नाहीत. मणक्यात सिमेंट भरण्याचा उपाय फ्रान्समध्ये १९८४ साली सुरू झाला. २००९ मध्ये दोन चाचण्यांनी त्याची तुलना लुटुपुटीच्या प्रक्रियेशी केली. त्यांत रुग्णाला फरक कळू नये म्हणून सिमेंटच्या रसायनाचा वासही खोलीत दरवळू दिला होता. दोन्ही गटांचं दुखणं सारखंच उतरलं. अगदी ताज्या, असह्य दुखणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये उपयोग होतो का, यावर पुढच्या चाचण्यांचं एकमत नाही.

बहुतेक आजींचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ओसरतं. थोडे दिवस विश्रांती, वेदनाशामक औषध, मग लवकर उठून चालणं, एवढ्याने निभावतं. पण असा एक मणका दबल्यावर पुढच्या वर्षभरातच पाचातल्या एकीचा दुसरा मणका दबतो. म्हणून दुखणं थांबलं की फाईल बंद करू नये. हाडांची घनता मोजावी, ड जीवनसत्त्व तपासावं, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक आम्ल किंवा रोज टोचायचं टेरिपॅराटाइड यांविषयी डॉक्टरांना सरळ विचारावं. आणि न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवून घ्यावी, तीही त्याच आठवड्यात.