बाळंतिणीची विमानानें पाठवणी

खानदेशांतील लेकीची बाळंतपणानंतरची पाठवणी ही पूर्वीं आगगाडीच्या वेळापत्रकाशीं बांधलेली असे. भुसावळसारखें मोठें जंक्शन उशाशीं असल्यामुळें दीपनगरच्या वीज-केंद्राच्या वसाहतींतील कुटुंबांस सामानाची चिंता फारशी पडत नसे. ट्रंका, वळकटी, फिरकीचा तांब्या, डब्यांवर डबे, सारें हमालाच्या डोक्यावरून येई आणि बाकाखालीं मावे. आतां लेकी-जांवयांचीं बिऱ्हाडें पुण्यास, हैदराबादेस, बंगळुरास थाटलेलीं असतात. जळगांवच्या विमानतळाचें २०१२ सालीं उद्घाटन झालें, २०१७ च्या डिसेंबरांत ‘उडान’ योजनेखालीं मुंबईचें विमान सुरू झालें, आणि मध्यंतरीं खंड पडला तरी २०२४ सालीं गोवा व हैदराबाद हीं शहरेंही ह्या तळाशीं जोडलीं गेलीं. मार्ग बदलला, सामान बांधण्याची आमची रीत मात्र आगगाडीचीच राहिली आहे. तिचा थोडा विचार करणें अवश्य आहे.

विमान प्रथम वजन विचारतें. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून मुंबईस हवाई टपाल आणलें, तेव्हां त्या चिमुकल्या विमानांत पत्रांचें ओझें सुमारें २५ किलो होतें. आज देशांतर्गत प्रवासांत बहुतेक कंपन्या दर आसनामागें विमानाच्या पोटांत १५ किलो आणि जवळ बाळगण्यास ७ किलो सामान नेऊं देतात. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसतें. त्यास आसन नाहीं, म्हणून बहुधा सामानाचा वेगळा वांटाही नाहीं. मिटणारी बाबागाडी मात्र पुष्कळ कंपन्या वेगळें मूल्य न घेतां नेतात. तिकीट काढतांना ह्या गोष्टी विचारून घ्याव्या आणि वयाच्या पुराव्यासाठीं बाळाचा जन्मदाखला हाताशीं ठेवावा.

आतां आई, वडील, पांच वर्षांचा थोरला आणि पांच महिन्यांचें तान्हें असें कुटुंब घेऊं. तीन आसनें, म्हणजे ४५ किलो पोटांत व २१ किलो जवळ. एवढी मुभा आहे म्हटल्यावर ती पुरी वापरण्याचा मोह घरांतील सर्वांस होतो. परंतु कंपनी किलोंचा हिशेब करते. आईबापांनीं हातांचा करावा. हात चार. आईचे दोन्ही बाळाकडे गुंतलेले, वडिलांचा एक थोरल्याच्या मनगटावर. उरला एक! त्याच हातानें ओळखपत्र दाखवावयाचें, तपासणीच्या पट्ट्यावर पिशव्या ठेवावयाच्या, बाळास बाहेर काढून बाबागाडी मिटावयाची. जळगांवसारख्या लहान तळावर विमानाचा जिनाही पायांनींच चढावा लागतो. त्या जिन्यावर थोरल्याचा हात सोडून पिशवी सांवरावी लागली, तर त्या पिशवींतील कोणती वस्तु तेवढ्या मोलाची आहे?

म्हणून आमचें सांगणें असें कीं, एक चाकांची पेटी पोटांत द्यावी, एक पिशवी वडिलांच्या पाठीवर असावी आणि एक आईच्या खांद्यावर. ह्यापलीकडे कांहीं नसावें. खांद्यावरच्या पिशवींत बाळाचें सामान असावें: घर ते घर प्रवासाच्या दर दोन तासांस एक लंगोट व वर दोन, दोन दुपटीं, दोन झबलीं, ओलें फडकें, मळके कपडे ठेवण्यास पिशवी, आणि डॉक्टरांनीं दिलेलीं औषधें चिठ्ठीसह. ह्यांत आईचा स्वतःचा एक सदरा अवश्य असावा. बाळ ओकलें तर दोघांसही कपडे लागतात, हें बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. थोरल्यास राजगिऱ्याची वडी व आपल्या जळगांवचीं दोन केळीं पुरेत. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि तपासणीनंतर भरून घ्यावी.

विमान उतरूं लागलें कीं आंतील हवेचा दाब वाढतो, आणि कानाच्या पडद्यामागील पोकळींतील दाब त्याच्या बरोबरीस येण्यास वेळ लागतो. मोठीं माणसें आवंढा गिळून ती कळ घालवितात. तान्ह्यास तें सांगतां येत नाहीं. म्हणून उतरण सुरू होतांच आईनें बाळास अंगावर घ्यावें. पण त्यासाठीं मांडी मोकळी हवी, पायांशीं डब्यांची उतरंड नको. बाळास सर्दी असेल तर निघण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारावें.

खरी अडचण पुढेंच आहे. आजीनें शिवलेली गोधडी, काकूंनीं वळलेले डिंकाचे व अळिवाचे लाडू, मेतकूट, सहाण, घुटीचें सामान, शिवाय बाळंतविडा. ह्या प्रत्येक वस्तूंत कोणाचे तरी हात राबलेले असतात, आणि ती मागें ठेवणें म्हणजे त्या हातांस नाहीं म्हणणें. निघण्याच्या दिवशीं सुनेनें वा लेकीनें पेटींतून लाडू उपसावेत आणि आजीचे डोळे भरून यावेत, हें टाळलें पाहिजे. त्यासाठीं आठ दिवस आधीं वडील बायकांनाच मध्यें बसवून तीन ढीग करावेत: बरोबर न्यावयाचें, टपालाच्या पार्सलानें पाठवावयाचें, आणि पुढल्या खेपेसाठीं माहेरींच ठेवावयाचें. निवड आजीनेंच केली कीं ती तिला लागत नाहीं.

कांहीं निवड नियमांनींच होते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकटपणामुळें पेट घेऊं शकतात, म्हणून त्यांस विमानांत मज्जाव आहे. तेलाचें लोणचें जवळच्या पिशवींत नसावें. वाळे-मनगट्या मात्र पोटांतल्या पेटींत न घालतां आईच्या जवळच ठेवाव्या. ओटी जरूर भरावी. तांदूळ-हळकुंड पदरीं द्यावें आणि नारळ घरींच फोडून प्रसाद वांटावा. घुटीविषयीं वडिलांचा आग्रह असतो, परंतु पहिले सहा महिने केवळ आईचें दूध द्यावें, पाणीही नको, असें जागतिक आरोग्य संघटना व आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हां सहाण, बाटल्या व थर्मास हीं आपोआपच ओझ्यांतून गळतात.

ज्या घरीं येत्या हिवाळ्यांत अशी पाठवणी व्हावयाची असेल, तेथील भगिनींनीं आधीं रिकामी पेटी वजनकांट्यावर ठेवून पाहावी; पुष्कळदां तिनेंच तीन-चार किलो खाल्लेले आढळतात. मग भरलेलें सामान व बाळ घेऊन घरचा जिना एकदां चढून पाहावा. दम लागला, तर त्याच संध्याकाळीं पार्सलाचा ढीग थोडा वाढवावा.