इंग्रजीतला कामकरी अंगठा

‘रूल ऑफ थंब’ हा प्रयोग आता मराठी बोलण्यातही रुळला आहे. डॉक्टर, बांधकामाचे ठेकेदार, गुंतवणुकीचे सल्लागार असे सगळेच ठोकताळा सांगताना तो वापरतात. त्याच्या जन्माची एक कहाणी गेल्या पन्नासएक वर्षांत जगभर पसरली. जुन्या इंग्लिश कायद्यात नवऱ्याला बायकोला काठीने मारायची मुभा होती, अट एवढीच की काठी त्याच्या अंगठ्याहून जाड नसावी, अशी ती कहाणी. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने १९८२ साली घरगुती मारहाणीवर अहवाल काढला, त्याच्या शीर्षकातही हाच प्रयोग होता.

असा कायदा इंग्लंडमध्ये नव्हता. १७८२ साली फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशाने तसे मत दिल्याची बातमी पसरली आणि जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने काठ्यांच्या मोळ्या घेतलेला ‘जज थंब’ रेखाटला. बुलर तसे खरोखर म्हणाला होता का, याचा पुरावा मिळत नाही. बायकांना होणारी मारहाण मात्र खरी होती. १८६८ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका खटल्यात छडी अंगठ्यापेक्षा बारीक होती याची नोंद झाली आणि नवरा सुटला. वरिष्ठ न्यायालयाने अंगठ्याचे माप फेटाळले, पण निकाल कायम ठेवला. या इतिहासाचा संताप यायलाच हवा. तरी शब्दप्रयोग त्यातून जन्मलेला नाही. बुलरच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १६८५ साली छापलेल्या जेम्स ड्यूरम या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या प्रवचनांत तो सापडतो. नीट मोजमाप न करता अंदाजाने भिंती उभारणाऱ्या गवंड्यांचा दाखला देताना ड्यूरमने तो वापरला आहे.

गवंड्यांचा हा दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीतला अंगठा समजून घ्यायचा तर कोर्टाऐवजी आधी बांधकामावर, पिठाच्या गिरणीत आणि कापडाच्या दुकानात जायला हवे. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या गिरणीवाल्याचा अंगठा सोन्याचा आहे. गिरणीवाला जात्यातून पडणारे पीठ अंगठा आणि बोटांमध्ये चोळून ते भरड आहे की बारीक, गरम होतेय का, हे ओळखायचा. वर्षानुवर्षे पीठ चोळून तो अंगठा पसरट होई. ओढ्यातल्या रुंद, चपट्या डोक्याच्या एका लहान माशाला इंग्रज आजही ‘मिलर्स थंब’ म्हणतात. एका कारागिराच्या शरीरावर उमटलेली कामाची खूण माशाचे नाव होऊन टिकून राहिली.

कापड मोजताना गजाच्या टोकाला अंगठा टेकवायचा आणि त्याच्या पलीकडून पुढचा गज धरायचा, म्हणजे दर गजामागे अंगठाभर कापड गिऱ्हाइकाला जास्त मिळे, अशीही रीत होती. स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड (बारावे शतक) याच्या नावावर असलेल्या मापांच्या नियमांत इंच ठरवण्याची पद्धत दिली आहे. एक मोठा, एक मध्यम आणि एक लहान असे तीन पुरुष घ्यावेत, नखाच्या मुळाशी त्यांच्या अंगठ्यांची रुंदी मोजावी आणि सरासरी काढावी. फ्रेंच, डच, स्वीडिश भाषांत इंच आणि अंगठा यांची नावे आजही एक किंवा अगदी जवळची आहेत. आपल्याकडच्या अंगुळ, वीत, हात या मापांशी हे सरळ जुळते. माणूस आपले शरीर सोबत घेऊनच बाजारात जातो. १९५९ साली इंच २५.४ मिलिमीटरवर कायमचा बांधला गेला आणि अंगठ्याचे हे काम संपले.

अंगठ्याची किंमत किती, याचे उत्तर इंग्रजीच्या अगदी पहिल्या लिखाणात मिळते. केंटचा राजा एथेलबर्ट याची इ. स. ६००च्या सुमाराची कायद्याची संहिता ही इंग्रजीत लिहिलेली सर्वांत जुनी संहिता. तिची आज हाती असलेली प्रत बाराव्या शतकातली आहे. कुणी दुसऱ्याचा अंगठा तोडला तर भरपाई २० शिलिंग, नुसते अंगठ्याचे नख गेले तर ३ शिलिंग. मधल्या बोटाचे मात्र ४ शिलिंग आणि करंगळीचे ११. पायाच्या अंगठ्याला १०. ज्यांना नांगर, कुऱ्हाड आणि भाला धरूनच जगायचे होते, त्या लोकांनी हा हिशेब मांडला. अंगठा गेला तर मूठ जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. एकलव्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे मूठ हेच सत्तेचे चित्र झाले. कुणाच्या ‘अंडर द थंब’ असणे म्हणजे त्याच्या दाबाखाली, मुठीत असणे. १९६६ साली रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्याच्या नावात हा प्रयोग आला. हात वळत नाही, सगळेच सांडते, मोडते, त्याचे सगळे अंगठेच झाले असे इंग्रज म्हणतो. झाडे ज्याला वश असतात त्याचा अंगठा अमेरिकन माणसाला हिरवा दिसतो आणि ब्रिटिश माणसाला बोटे हिरवी दिसतात. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्याच प्रवेशात एका घराण्याचा नोकर दुसऱ्या घराण्याच्या नोकरांसमोर आपला अंगठा चावतो. हा अपमान त्या काळच्या प्रेक्षकाला लगेच कळे, आज तो तळटीप देऊन समजावावा लागतो. बोटाएवढ्या टॉम थंबची कहाणी १६२१ साली छापली गेली आणि इंग्रजी बालगीतांचा हाती असलेला सर्वांत जुना संग्रह, १७४४ सालचा, तोही टॉमी थंबच्याच नावाने निघाला.

मान उंचावून ‘शाब्बास’ म्हणणारा अंगठा त्या मानाने नवा. रोमन आखाड्यात प्रेक्षक अंगठा वर किंवा खाली करून हरलेल्याच्या जिवाचा निकाल देत, हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर आहे ते मुख्यतः झाँ-लेऑन जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२च्या चित्रामुळे. हेच चित्र पाहून रिडली स्कॉटने २०००चा ‘ग्लॅडिएटर’ करायचे ठरवले. लॅटिन लेखनात अंगठा ‘वळवण्याचा’ उल्लेख आहे, पण कुठल्या दिशेला ते लिहिलेले नाही. उलट थोरला प्लिनी सांगतो की कृपा दाखवताना अंगठा आत दाबून धरत. विसाव्या शतकात वैमानिकांनी आणि सैनिकांनी ही खूण जगभर नेली. गोंगाटात शब्द ऐकू येत नाहीत, तिथे ती उपयोगी पडली. आपल्याकडे कोका-कोला गेल्यावर १९७७ साली मुंबईच्या पार्ले कंपनीने आणलेल्या पेयाने तिला घरोघरी पोहोचवले. मनमाडजवळच्या ‘हडबीच्या शेंडी’लाही डोंगरभटके आता थम्सअप म्हणू लागले आहेत. आजी मात्र ‘अंगठा दाखवला’ म्हणते तेव्हा तिला फसवणूकच सांगायची असते.

एका बाबतीत इंग्रजी अंगठा आणि मराठी अंगठा पार वेगळे पडतात. इंग्लंडातला निरक्षर माणूस कागदावर फुली मारायचा, म्हणून अडाणीपणाचा डाग तिथल्या अंगठ्याला लागला नाही. बंगालात जंगीपूर इथे १८५८ साली विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याची खडी पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडून करारामागे हाताचा ठसा घेतला. हुगळीला तो दंडाधिकारी असताना १८७७ साली दस्त आणि पेन्शनसाठी बोटांचे ठसे घेण्याची रीत त्याने सुरू केली. बोटांचे ठसे ओळखण्याची पद्धत पुढे कलकत्त्यात पक्की झाली. आपल्याकडे ‘निशाणी डावा अंगठा’ खरेदीखतांपर्यंत पोहोचली, आणि ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी ठरली. ज्या हातांनी शेत कसले, त्याच हाताचा भाग शिवी व्हावा, हे मला आजही सलते.

इंग्रजी बोलणाऱ्या जगात अंगठा सहीच्या जागी आला तो अगदी अलीकडे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला आणि संमती मागितली. शेतकऱ्याने उत्तरादाखल फक्त अंगठ्याचे चिन्ह पाठवले. भाव चढले, माल आला नाही. निरोप मिळाला एवढेच मला म्हणायचे होते, असे शेतकऱ्याने सांगितले. जून २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा सही म्हणून मान्य केला आणि ८२,००० डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला लावली. २०२४च्या अखेरीस अपिलातही हाच निकाल टिकला. निकालात वजन पडले ते दोघांच्या जुन्या वहिवाटीचे. आधीच्या सौद्यांतही तो शेतकरी ‘ओके’, ‘यप’ एवढेच कळवायचा आणि ठरल्याप्रमाणे माल पाठवायचा.