जंगलाच्या वेशीवरचा मुक्काम

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय आतच असलेल्या वाहनाला आता मराठीतही सर्रास कॅरव्हॅन म्हणतात. असे फिरते घर भाड्याने घेऊन दोन रात्री झाडीत काढाव्यात, असे बोरिवली किंवा मुलुंडच्या कुटुंबाला वाटणे स्वाभाविक आहे, कारण या दोन उपनगरांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल पसरलेले असून पावसाळ्यात त्याचा ओला वास थेट इमारतींच्या खिडक्यांपर्यंत येतो. मात्र हे घराजवळचे जंगल कॅरव्हॅनच्या मुक्कामाची जागा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात जाण्यासाठी, तसेच तेथे राहण्यासाठी परवानगी लागते, आणि तेथे आग लावणे किंवा पेटती ठेवणे यालाही मनाई आहे. हा निर्बंध योग्यच आहे. जवळजवळ चारही बाजूंनी शहराने वेढलेल्या या जंगलातील बिबट्यांना माणसाच्या वर्दळीपासून मोकळे असे तास मिळतात ते मुख्यतः रात्रीचेच, आणि त्या तासांत तेथे दिवे, गाणी व जनरेटर नेणे म्हणजे त्यांची उरलेली जागाही काढून घेणे होय. त्यामुळे उपनगरातल्या प्रवाशाने जागा शोधायची ती जंगलाच्या पोटात नव्हे, तर त्याच्या वेशीवरच्या एखाद्या गावात.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, आणि त्यात वाहनाइतकाच विचार ‘कॅरव्हॅन पार्क’चा, म्हणजे अशी वाहने रात्री थांबवण्यासाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय केलेल्या तळाचा आहे. तळ ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. पंढरीच्या वाटेवरील प्रत्येक मुक्कामी पालखीतळ असतो, दिंड्यांचे सामान वाहणारे ट्रक तेथे आधी पोहोचतात, राहुट्या उभ्या राहतात, आणि पाण्याचे टँकर व शौचालये वेळेवर आली की नाही यावर त्या रात्रीचे स्वास्थ्य ठरते. कॅरव्हॅनचेही तसेच आहे: गाडी कितीही सजवलेली असली तरी तळ तयार नसेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या टाकीतले पाणी संपते आणि खालची सांडपाण्याची टाकी भरते.

म्हणून जागा ठरवताना पहिला प्रश्न दृश्याचा नसावा, सांडपाण्याचा असावा. कॅरव्हॅनमधून दोन प्रकारचे पाणी बाहेर पडते: आंघोळीचे व भांडी धुतल्याचे साबणमिश्रित पाणी आणि शौचालयाचे मैलापाणी, आणि बहुतेक वाहनांत या दोहोंसाठी वेगळ्या टाक्या असतात. मैलापाणी सेप्टिक टँकमध्येच गेले पाहिजे. ‘मागे ओढा आहे, तिकडे सोडा’ असे उत्तर जेथे मिळेल, ती जागा कितीही रम्य असली तरी सोडून द्यावी, कारण डोंगराळ भागात तोच ओढा खालच्या पाड्याच्या पिण्याच्या विहिरीला पाणी पुरवत असतो.

विजेचा हिशेब त्या मानाने सोपा असला तरी भाड्याने गाडी घेणारे तो क्वचितच करतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी कागदावर १,२०० वॅट-अवर ऊर्जा साठवते, पण नेहमीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून तिचे आयुष्य न घटवता साधारण निम्मीच वापरता येते. या ६०० वॅट-अवरवर दिवे आणि लहान पंखे मिळून ५० वॅटचा भार बारा तास चालतो, तर हजार वॅट ओढणारा एअर कंडिशनर जेमतेम अर्धा तास. एअर कंडिशनर हवाच असेल, तर तळावर योग्य क्षमतेची वीजजोडणी आहे का ते आधी विचारावे, अन्यथा रात्रभर जनरेटर चालेल आणि ज्या शांततेसाठी एवढा प्रवास केला तीच हरवेल.

जमिनीविषयी सह्याद्रीचे स्वतःचे नियम आहेत. काळ्या मातीत एका वळवाच्या सरीनंतरही जड गाडीची चाके रुततात, म्हणून मुरूम दाबून केलेला, पाणी निथळून जाईल इतपतच उतार असलेला तळ पाहावा. सावली हवी, पण वाळक्या फांद्यांच्या जुन्या झाडाखाली गाडी लावू नये, आणि लावण्यापूर्वी वर पाहावे. उंच झाडांवर आग्या मोहोळ असते, धुराने किंवा धक्क्याने उठलेल्या त्या मधमाश्यांचा हल्ला जीवघेणा ठरू शकतो. पावसाळ्यात धरणाच्या काठाची अगदी खालची पट्टीही टाळावी, कारण पाण्याची पातळी रात्रीत चढू शकते.

या कसोट्या लावून पाहण्यास भंडारदरा हे चांगले ठिकाण आहे. मुलुंड-घाटकोपरहून नाशिक महामार्गाने कसारा घाट चढावा, घोटीला वळून कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून भंडारदऱ्याच्या शेंडी गावाला यावे. अंधेरी-बोरिवलीकरांना घोडबंदर रस्त्याने याच मार्गाला लागता येते. प्रवरा नदीवरील येथील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, आणि त्याच्या जलाशयाभोवतीच्या गावांतील अनेक महादेव कोळी कुटुंबे आज आपल्या शेतांवर तंबूंचा मुक्काम आणि घरचे जेवण देतात. अशा शेतावर गाडी लावण्याआधी घरधन्याशी फोनवर बोलून रस्त्याची रुंदी, वाटेत लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि वळायला जागा यांची चौकशी करावी. उंच गाडी अरुंद रस्त्यावर अडकली की संपूर्ण गावाची वाट बंद होते. जलाशयाला वळसा घालून रतनवाडी-घाटघरकडे जाणारा रस्ता कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला असल्याने तेथे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते, आणि मोठे वाहन शेंडीलाच ठेवून स्थानिक जीपने पुढे जाणे केव्हाही श्रेयस्कर.

हिवाळा हा येथील सर्वांत सुखाचा काळ असला, तरी लोकांची खरी गर्दी होते ती मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, काजव्यांसाठी. पहिल्या सरींच्या आगेमागे हिरडा, बेहडा, सादडा आणि जांभूळ या झाडांवर हजारो काजवे एकाच लयीत चमकू लागतात; हा प्रकाश म्हणजे नराने मादीला दिलेली खूण असते, प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचे असते, आणि त्या अल्प काळात झाडावर पडलेला हेडलाइटचा झोत ती खूण पुसून टाकतो. शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागतात, तेव्हा हे नुकसान किती होत असेल याची कल्पना करवत नाही. कॅरव्हॅनचा खरा लाभ येथेच आहे, कारण मुक्कामाची सोय बरोबर असलेल्या प्रवाशाला परतीची घाई नसते: तो सोमवारी किंवा मंगळवारी येऊ शकतो, उजेड असतानाच गाडी तळावर लावू शकतो आणि अंधार पडल्यावर तिला हलवण्याची त्याला गरज उरत नाही.

जेवण आटोपले की गाडीच्या बाहेरचे दिवे, आणि शक्यतो आतलेही, मालवून टाकावेत. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मध्येच कोणी मोबाइलचा पडदा उघडला तर बरीचशी सवय पुन्हा करावी लागते. तोवर खुर्चीत स्वस्थ बसावे, पायांत बूट ठेवावेत, कारण फुरसे आणि घोणस हे विषारी साप याच वेळी बाहेर पडतात. मग आधी डोंगराची रेघ दिसू लागते, नंतर पाण्याची कड, आणि शेवटी बांधावरच्या सादड्यावरचा पहिला काजवा.