खरखरीचा उगम

रात्रीं घर निजल्यावर, कांहींही न लावतां, नुसता अँप्लिफायर चालू करून लाऊडस्पीकरला कान लावला तर एक बारीक 'सूंऽऽ' ऐकूं येतो. यंत्र महाग असो वा स्वस्त, तो अजीबात नाहींसा असा कधींच होत नाहीं. गृहस्थ याला यंत्राचा दोष समजतात आणि दुकानदाराशीं हुज्जत घालतात. पुष्कळदां दोष असतोही. परंतु या आवाजाचा कांहीं अंश सृष्टिनियमानेंच तेथें आलेला असतो.

'घूंऽऽ' असा जाड, एकसुरी आवाज मात्र निराळा. तो घरांतल्या विजेचा. भारतांत ही वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. तो सूर किंवा त्याच्या दुप्पट १०० आवर्तनांचा सूर यंत्रांत शिरतो. तारेचें धातूचें आवरण नीट जोडलें किंवा खराब तार बदलली म्हणजे बहुधा तो हटतो. 'सूंऽऽ'मध्यें सगळेच सूर एकदम मिसळलेले असतात. म्हणून तो दूरवर पडणाऱ्या पावसासारखा भासतो.

अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत जॉन जॉन्सन यांनीं तो मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनीं त्याचें गणित मांडलें. दोघांचे निबंध १९२८ सालीं प्रसिद्ध झाले. दोघेही जन्मानें स्वीडनचे. विजेला रोध करणाऱ्या कोणत्याही पदार्थांतील विद्युत्कण उष्णतेमुळें अखंड हेलकावत असतात. त्या हेलकाव्यांचाच हा आवाज. दहा हजार ओहमचा रोध आणि कानाला कळणारीं सुमारें वीस हजार आवर्तनें धरलीं, तर हा दाब एका व्होल्टाच्या दशलक्षांशाच्या जवळजवळ दुप्पट भरतो. यंत्र गोठवून उणें १२३ अंश सेंटिग्रेडपर्यंत नेलें तरी खरखर अवघी तीन डेसिबेल उतरेल. आकाशांतील रेडिओ-लहरी टिपणारे शास्त्रज्ञ असा खटाटोप करतात. गृहस्थानें त्या भरीस पडूं नये.

इतका क्षुल्लक दाब त्रास देतो, कारण पहिल्या पायरीवर शिरलेली खरखर पुढें गाण्याबरोबरच वाढत जाते. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा दाब व्होल्टाच्या कांहीं सहस्रांशांइतकाच असतो, तर सी.डी. प्लेयरकडून तो दोन व्होल्टपर्यंत येतो. म्हणून सुईच्या बाबतींत पहिली पायरी उत्तम हवी. जेथें आवाजाच्या दोन कळी असतील तेथें आधींच्या यंत्राची कळ चढी आणि अँप्लिफायरची उतरती ठेवावी. कळ पूर्ण बंद केल्यावरही 'सूंऽऽ' तितकाच राहिला, तर त्याचा उगम कळीच्या पुढें आहे असें समजावें.

खरखर सगळीच यंत्राची नसते. ध्वनि ज्यावर मुद्रित होतो त्या वस्तूचीही असते. १९६३ सालीं फिलिप्सनें आणलेल्या कॅसेटची फीत अरुंद आणि संथ. तिच्या चुंबकीय कणांचाच 'सूंऽऽ' होई. रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ पर्यंत युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतांत होते. पुढें लंडनमध्यें कंपनी काढून त्यांनीं १९६८ त घरगुती यंत्रांसाठीं 'बी' पद्धत दिली. मुद्रण करतांना बारीक, उंच सूर चढवावयाचे आणि वाजवितांना तितकेच उतरावयाचे; त्यांबरोबर फितीची खरखरही सुमारें दहा डेसिबेल उतरे. मात्र या पद्धतीनें न भरलेली फीत तीच कळ दाबून वाजविली तर गाणेंच मलूल होई, आणि पुष्कळ घरांत तसेंच चाले.

१९८२ त आलेल्या सी.डी.नें सुमारें ९६ डेसिबेलचें अंतर दिलें आणि हा प्रश्न जवळजवळ मिटला. उरला तो जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा. त्या संगणकानें अतिशय स्वच्छ केल्या कीं खरखरीसह तंबोऱ्याचा झणकार आणि शब्दांतील 'स', 'श' हींही झिजतात. खरखरींतून गाणें वेगळें काढण्याची कला कानाला अवगत आहे; पुसून टाकलेला झणकार परत आणण्याची नाहीं. म्हणून जुन्या गायकांच्या संग्रहांत थोडी खरखर राखलेली प्रतच घ्यावी.