जावा, ओक आणि काळी एक

मे महिना. रत्नागिरीतलं आमचं घर. माजघरात पेंढ्यात आंब्यांची अढी घातलेली आणि घरभर तो वास! पुण्याहून सुट्टीला आलेली माझी भाची अढीशेजारीच मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. आजी आंबे पालटायला आली आणि तिनं विचारलं, "काय करतेस गो?"

"जावा शिकतेय."

आजीचा हात आंब्यावरच थांबला. "कुणाच्या जावा? आणि त्यांच्याकडून काय शिकायचंय? मला तिघी होत्या. विचार मला!"

जाऊचं अनेकवचन जावा, हे भाचीला ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरशी बोलायच्या एका भाषेचं नाव जावा आहे, हे आजीला ठाऊक नव्हतं. दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बसा. हात आंब्यांवर चालू दे आणि कान माझ्याकडे. आज नावांच्या गोष्टी सांगते.

पण आधी सांगा, या भाषा लागतातच कशाला? कॉम्प्युटरच्या पोटात कोट्यवधी इवले इवले स्विच असतात. प्रत्येकाला दोनच गोष्टी येतात. चालू होणं आणि बंद होणं. एक आणि शून्य. त्याच्याशी थेट बोलायचं तर आपल्याला शून्य आणि एक यांच्या लांबच लांब रांगा लिहाव्या लागतील. एक आकडा चुकला की सगळंच ओम् फस्! म्हणून माणसांनी मधल्या भाषा बनवल्या. आपण त्या भाषेत लिहायचं आणि एका दुभाष्या प्रोग्रॅमनं त्याचं शून्य-एकमध्ये रूपांतर करून कॉम्प्युटरला सांगायचं.

आता गंमत पाहा. मराठी काही कुणी एका माणसानं टेबलाशी बसून बनवली नाही. या भाषा मात्र कुणीतरी बसून बनवतं. म्हणजे बाळ जन्माला आलं की बारसं आलंच! आणि नाव ठेवायच्या तऱ्हा? अगदी आपल्या आंब्यांसारख्या.

साखऱ्या, शेंदऱ्या आणि फोरट्रान

आपल्या परसातले रायवळ आंबे आठवा. साखरेसारखा गोड, तो साखऱ्या. शेंदरी रंगाचा, तो शेंदऱ्या. खोबऱ्यासारखा लागतो, तो खोबऱ्या. नाव ऐकलं की चव कळते.

पहिल्या पहिल्या कॉम्प्युटर भाषांची नावंही अशीच सरळ होती. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सोबत्यांनी बनवलेली भाषा १९५७ साली बाहेर आली. काम काय, तर गणिताच्या सूत्रांचं भाषांतर. म्हणून 'फॉर्म्युला ट्रान्सलेशन' या दोन शब्दांच्या शेपट्या छाटल्या आणि नाव ठेवलं फोरट्रान. मग आली कोबोल. तिच्या नावातच 'धंद्याच्या कामासाठी' असं दडलेलं आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी बेसिक बनवली. साखऱ्या, शेंदऱ्या, खोबऱ्या!

हापूस, पास्कल आणि एडा

"मग हापूस म्हणजे काय?" भाचीनं विचारलं.

हापूस हे एका माणसाचं नाव आहे! १५१० साली गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्क. त्याच्या नावावरून हा आंबा ओळखला जाऊ लागला. अफोन्सोचं झालं आफूस, आणि आफूसचं हापूस. बिचाऱ्याला एवढ्या लढाया करून जेवढी माणसं ओळखत नाहीत, तेवढी आंब्यामुळे त्याचं नाव घेतात, आणि तेही त्याचं आहे हे माहीत नसताना.

भाषांनाही माणसांची नावं मिळाली. स्वित्झर्लंडच्या निकलाउस विर्थ यांनी १९७० साली आपल्या भाषेला पास्कल म्हटलं. ब्लेझ पास्कल हा फ्रान्समधला मुलगा. त्याचे बाबा कर गोळा करण्याच्या कामावर होते आणि बेरजा करून करून थकत. पोरानं १६४२ साली, एकोणिसाव्या वर्षी, दातेरी चाकांचं बेरजेचं यंत्र बनवायला घेतलं. बाबांच्या हिशेबाला मदत करणारा असा मुलगा!

आणि एडा? इंग्लंडमधली एडा लव्हलेस. चार्ल्स बॅबेज यांनी एका मोठ्या गणनयंत्राचा आराखडा केला होता. ते यंत्र कधी पूर्ण झालंच नाही. पण त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं, ते एडानं १८४३ साली पायरीपायरीनं लिहून ठेवलं. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं एक भाषा बनवून घेतली, तिला एडाचं नाव दिलं आणि त्या भाषेच्या नियमांच्या पुस्तकाला जो क्रमांक दिला, त्यात मुद्दाम १८१५ हा आकडा घातला. का? ते एडाचं जन्मसाल!

बी, सी आणि हार्मोनियम

काही जण मात्र नाव शोधायचा कंटाळा करतात. आपल्या शिरगावच्या संशोधन केंद्रात भाताच्या नव्या जाती तयार होतात. त्यांची नावं काय? रत्नागिरी १, रत्नागिरी २४, रत्नागिरी ७३. झालं काम!

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी एक भाषा बनवली, बी. त्यांचे सोबती डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती सुधारून नवी केली. बी नंतर काय येतं? सी. झालं नाव! पण याच एका अक्षराच्या भाषेनं पुढे जगभरचे कॉम्प्युटर चालवले.

मग डेन्मार्कच्या ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी सीमध्ये भर घातली. सी भाषेत एखाद्या संख्येपुढे अधिकची दोन चिन्हं लिहिली, की तिच्यात एक मिळवला जातो. म्हणून १९८३ साली नव्या भाषेचं नाव ठरलं सी प्लस प्लस. म्हणजे सीच्या पुढची पायरी. नावातच बेरीज!

आणि २००० साली मायक्रोसॉफ्टनं आणली सी शार्प. इथे मला आमच्या वाडीतल्या भजनाची आठवण येते. बुवा हार्मोनियमवर बसले की म्हणतात, "काळी एक धरा." पेटीवरची पहिली पांढरी पट्टी म्हणजे पांढरी एक, तिला पाश्चात्त्य संगीतात म्हणतात सी. तिच्या लगेच वरची काळी पट्टी, काळी एक, तिचं नाव सी शार्प. सीपेक्षा अर्धा स्वर वर! म्हणजे त्या कंपनीनं नकळत आमच्या बुवांची पट्टी धरली.

ओक आणि जावा

आता आजीच्या जावांकडे येऊ. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेम्स गॉस्लिंग नवी भाषा बनवत होते. त्यांच्या ऑफिसच्या बाहेर एक ओकचं झाड होतं. म्हणून भाषेचं नाव ओक.

"ओक? खालच्या आळीतले?" आजी.

नाही गं. कोकणात ओक आडनावाची माणसं पुष्कळ, पण हे झाड! तर नाव ठरलं आणि कळलं, की ओक नाव दुसऱ्या एका कंपनीनं आधीच आपल्या नावावर नोंदवून घेतलंय. आता? आपल्या हापूसचंही असंच आहे. कुठलाही आंबा पेटीत भरून त्यावर 'हापूस' लिहायचं नाही. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आसपासच्या ठरलेल्या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव वापरायचा हक्क. नाव म्हणजे कुणाची तरी मिळकत असते.

मग सगळे बसले नवी नावं शोधायला आणि १९९५ साली ओकची झाली जावा. अमेरिकेत कॉफीला बोलीत जावा म्हणतात, कारण इंडोनेशियातल्या जावा बेटावरून भरपूर कॉफी यायची. हेच बेट आपल्या जुन्या ग्रंथांत यवद्वीप म्हणून येतं. आजही जावा भाषेच्या चिन्हात वाफाळता कप असतो. आजीच्या जावांना चहाच लागायचा, तो भाग वेगळा.

हरवलेलं अक्षर

गोव्यात मानकुराद नावाचा फार गोड आंबा मिळतो. नाव मूळचं पोर्तुगीज, माल्कोरादो. अर्थ? रंग नीट न धरलेला! म्हणजे नाव ठेवताना अक्षरशः नावं ठेवली. आणि गोवेकरांना विचाराल, तर त्याच्यापुढे हापूससुद्धा काही नाही.

भाषांच्या नावांतही अशा गमती होतात. लॅरी वॉल यांनी १९८७ साली आपल्या भाषेला मोत्याचं नाव द्यायचं ठरवलं, पर्ल. तर त्या नावाची भाषा आधीच होती! मग त्यांनी इंग्रजी स्पेलिंगमधला ए काढून टाकला. उच्चार तोच, एक अक्षर गायब. पुढे जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी आपल्या भाषेचं नाव शोधताना विचार केला, मोत्याशेजारी काय शोभेल? माणिक! म्हणून १९९५ साली आली रुबी. रत्नागिरीकरांना हे नवं नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आपल्या कोकण कृषी विद्यापीठानं जो आंबा तयार केला, त्याचं नावच रत्ना. हापूस कापला आणि आत साका निघाला, की आपला चेहरा पडतो ना? रत्नात साका निघत नाही.

आपल्या काजूचं मूळ गाव कुठलं, माहीत आहे? ब्राझील! पोर्तुगीजांनी तो इकडे आणला. त्याच ब्राझीलमध्ये काही प्राध्यापकांनी सोल नावाची भाषा वापरली होती. पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य. १९९३ साली तिच्या पाठची भाषा बनली, तिचं नाव लुआ. म्हणजे चंद्र!

तांबेरा माहीत आहे? घाटावर गव्हाच्या पानांवर गंजासारखी बुरशी पडते, ती. इंग्रजीत रस्ट. ही बुरशी मोठी चिवट, काही केल्या जात नाही. ग्रेडन होर यांना भाषाही अशीच हवी होती, सहजी न कोसळणारी. म्हणून तिचं नाव रस्ट. शेतकरी ज्याच्या नावानं बोटं मोडतो, त्याचंच नाव त्यांनी लेकराला दिलं.

"आणि पायथन म्हणजे अजगर ना?" भाचीचा धाकटा भाऊ कधी येऊन बसला होता, कळलंच नाही.

शब्दाचा अर्थ अजगरच, पण नाव अजगरावरून नाही. हॉलंडच्या गिडो व्हान रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत वेळ घालवायला ही भाषा लिहायला घेतली. त्यांना 'माँटी पायथन' हा इंग्रजी टीव्हीवरचा चावट विनोदी कार्यक्रम फार आवडायचा. त्यावरून हे नाव. पण लोकांना अजगरच दिसला आणि शेवटी भाषेच्या चिन्हातही दोन साप येऊन बसले!

या पायथनची एक गंमत तुम्हीही करून पाहा. प्रोग्रॅममध्ये एखाद्या संख्येला नाव द्यायचं असतं, ते मराठीत दिलं तरी चालतं. 'आंबे बरोबर तीनशे, पेटी बरोबर साठ' असं लिहा, आंब्यांना पेटीनं भागायला सांगा आणि ती पाच असं उत्तर देईल. आकडे मात्र इंग्रजी वळणाचे लागतात. पण संख्या बनवायची 'इन्ट' नावाची सूचना आहे, तिच्या कंसात अवतरण चिन्हांमध्ये देवनागरी १२ लिहून द्या. हे बारा आहेत, हे तिला बरोब्बर कळतं.

आमची भाषा

"आपणपण एक बनवूया!" भाची म्हणाली. कागदावर तिनं चार शब्दांची भाषा केली. उचल, हुंग, परत, ठेव. धाकटा भाऊ झाला कॉम्प्युटर. अट एकच, कॉम्प्युटरनं स्वतःचं डोकं चालवायचं नाही. लिहिलंय तेवढंच करायचं.

त्यानं आंबा उचलला. हुंगला. मग वाचलं 'परत', आणि गेला परत पहिल्या ओळीवर. उचलला. हुंगला. परत! उचलला. हुंगला. परत! 'ठेव'पर्यंत काही तो पोचेना.

"अरे, झिजेल तो!" आजी ओरडली. "माझा आंबा परत कर!"

"परत म्हणजे पोळी परततो तसा उलटा कर रे!" भाची कपाळाला हात लावून म्हणाली.

पाहिलंत? एकाच शब्दाचे तीन अर्थ. भाचीच्या मनात एक, भावाच्या दुसरा, आजीच्या तिसरा. आपण माणसं रागरंग पाहून अर्थ ओळखतो, कॉम्प्युटरला ते जमत नाही. म्हणून त्याच्या भाषेत प्रत्येक शब्दानं नेमकं काय करायचं, ते आधीच ठरवून टाकावं लागतं. भाचीनं 'परत' खोडून 'पालट' लिहिलं आणि अढीतले आंबे भराभर पालटले जाऊ लागले.

"बारसं राहिलं की," आजी म्हणाली.

भाचीनं खिडकीबाहेर पाहिलं, कागदाकडे पाहिलं, त्या खोडलेल्या शब्दाकडे पाहिलं आणि भाषेचं नाव ठेवलं, परत.

तेवढ्यात पुण्याहून ताईचा फोन आला. भाचीनं उचलला.

"आई, आज मी एक भाषा बनवली!"

"अरे वा! कोणती?"

"परत."

"कोणती भाषा बनवलीस?"

"परत!"

"अगं, विचारलं ना? कोणती भाषा बनवलीस?"

"परत!!"

धाकटा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "मावशी, आईपण अडकली."