करवीरचे दोन दिवस

दिवाळीची सुट्टी लागली की पुणे-मुंबईकडील मंडळी ज्या थोड्या गावांकडे लोटतात, त्यांत कोल्हापूरचा क्रमांक बराच वरचा आहे. शुक्रवारी रात्रीची गाडी धरावी, शनिवारी सकाळी अंबाबाईचे दर्शन घ्यावे, दुपारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा समाचार घ्यावा, सायंकाळी रंकाळ्याच्या काठी बसावे, रविवारी जोतिबा व पन्हाळा उरकावा आणि चपलांचा एक जोड व गुळाचा एक रवा घेऊन रात्री परत फिरावे, असा या सहलीचा क्रम जणू छापून ठेवल्याप्रमाणे ठरून गेला आहे. वर्षभर कचेरीत अगर दुकानात मान मोडून काम करणाऱ्या गृहस्थाने बायकामुलांस घेऊन दोन दिवस मोकळी हवा खावी, यात वावगे काहीच नाही. सहलीच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, या गावात पाहण्यासारखे जे सर्वांत मोठे आहे, तेच नेमके या क्रमातून वगळले जाते. आणि त्याची खंत ना पाहुण्यास वाटते ना यजमानास.

सणाच्या शनिवारी कोल्हापुरात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच तक्रार असते : खोली मिळत नाही, मिळाली तर भाव अवाच्या सवा. तक्रार खरी आहे, व तिचा विचार आम्ही पुढे करणार आहोत. परंतु तक्रार करणाऱ्यांस एका जुन्या गोष्टीचे स्मरण करून देणे अवश्य वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात खोली न मिळणारे आणखी एक पाहुणे होते. खेड्यातून शिकण्यासाठी आलेल्या शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, अस्पृश्य गणलेल्या घरच्या मुलास येथे बिऱ्हाड मिळण्याची व पंगतीस बसण्याची पंचाईत पडे. त्या वेळी गावात गर्दी नव्हती, खोल्याही ओस असतील. पण दारातच जात विचारली जाई. शाळा उघडी आणि राहण्यास ठाव नाही, अशा स्थितीत ती शाळा त्या मुलापुरती बंदच म्हटली पाहिजे.

ही गाठ शाहू छत्रपतींनी बरोबर ओळखली. 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच साली जैन बोर्डिंगही निघाले. पुढे मुसलमान, लिंगायत व इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली, आणि अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याजवळ उभे राहून सभोवार नजर टाकली तर या परंपरेच्या खुणा आजही दिसतात. पाहुण्यांच्या मोटारी तेथूनच देवळाकडे वळतात. उतरून पाहणारा विरळा.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो आम्ही टाळू इच्छीत नाही. जातवार वसतिगृहे काढल्याने जातिभेद पक्का झाला नाही काय? आमचे उत्तर असे की, ज्या काळी सर्वांची एक पंगत बसवणे म्हणजे कोणीच पंगतीस न येणे असा अर्थ होता, त्या काळी प्रथम मुलास गावात आणून शाळेच्या बाकावर बसवणे हेच कर्तव्य होते. आणि ज्या राजाने वसतिगृहे जातवार काढली, त्यानेच 1919 साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. पहिली पायरी कोणती व दुसरी कोणती, याचा क्रम त्यास ठाऊक होता.

आम्ही वकिलीच्या धंद्यातले, म्हणून दगडी वास्तूंइतकीच कागदी वास्तूंचीही आम्हांस गोडी. कोल्हापूरच्या कागदी वास्तू कोणत्याही गडकोटाच्या तोडीच्या आहेत. 26 जुलै 1902 रोजी, महाराज स्वतः विलायतेस असताना, संस्थानच्या गॅझेटात जाहीरनामा निघाला : यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्या. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला, आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. त्याच साली विधवांच्या पुनर्विवाहास व 1919 साली आंतरजातीय विवाहास कायद्याचा आधार मिळाला. स्वतंत्र भारताची राज्यघटना अमलात आली ती 1950 साली. तिच्यातील कित्येक कलमांची तालीम एका लहानशा संस्थानात तीस-चाळीस वर्षे आधी होऊन गेली होती, हे महाराष्ट्रातील किती मुलांना कोणी ते ठिकाण दाखवून सांगितले असेल?

कायद्याने दार उघडते, पण उंबरा ओलांडण्यास माणूस लागतो. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या नोकरीतील अस्पृश्य गणलेले गृहस्थ. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मार खावा लागला. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान घालून दिले आणि गिऱ्हाईक फिरकत नाही असे पाहून स्वतःची गाडी त्या दुकानापुढे उभी करवून तेथला चहा घेऊ लागले. बरोबरच्या मानकऱ्यांसही तो घ्यावा लागला. आज कोणत्याही उपाहारगृहात शेजारी कोण बसला आहे हे न विचारता आपण मिसळीची थाळी पुढे ओढतो. ही सवय आपोआप जडलेली नाही. तिची किंमत कोणीतरी मोजलेली आहे. त्याच रस्त्यावर जुन्या न्यायालयाच्या इमारतीत 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ बसू लागले, व सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. न्यायासाठी येणाऱ्यास आणि सहलीस येणाऱ्यास चहाच्या त्या पेल्याची हकीगत तेथे एखाद्या फलकावर ठळकपणे वाचावयास मिळावी, अशी आमची सूचना आहे.

आता पन्हाळ्याकडे वळू. हा गड गावापासून सुमारे 20 किलोमीटर. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत पन्हाळा आहे. गंगा, यमुना, सरस्वती या नावांची अंबरखान्याची तीन कोठारे, तीन दरवाजा, सज्जा कोठी ही स्थळे लोक पाहतात, छायाचित्रे काढतात व थंड हवेची तारीफ करतात. पण 1660 सालच्या सिद्दी जौहरच्या वेढ्याची हकीगत सांगताना बाजीप्रभूंपाशीच बहुतेकांची स्मृती थांबते. त्याच रात्री शिवाजी महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसला व शत्रूच्या हाती सापडून प्राणास मुकला, तो शिवा काशीद जातीने नाभिक होता. त्याची समाधी गडाच्या परिसरातच आहे. स्वराज्य हे कोणा एका जातीचे कर्तृत्व नव्हते, हे मुलांना पुस्तकावाचून समजावयाचे असेल तर त्या समाधीपाशी पाच मिनिटे थांबण्यासारखा दुसरा धडा नाही. आणि ज्या तटावर माणसांनी प्राण दिले, तेथे खाऊच्या पिशव्या व पाण्याच्या बाटल्या टाकून येणाऱ्यास गडप्रेमी कसे म्हणावे, हेही ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

आमच्या वाचकांत व्यापारी वर्ग मोठा आहे, म्हणून बाजाराविषयीही दोन शब्द. कोल्हापूर हे आज गुळाचे व चामड्याच्या कामाचे गाव म्हणून नावाजले आहे. पैकी गुळाच्या व्यापारामागे 1895 साली वसवलेली शाहूपुरी पेठ आहे. कोल्हापुरी चपलेस 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये इटलीतील प्राडा या घराण्याने मिलान येथील प्रदर्शनात अगदी त्याच घडणीची पायताणे मांडली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला व त्या घराण्यास मूळ प्रेरणा कोठली हे कबूल करावे लागले. संताप रास्त होता. परंतु तोच संतापलेला गृहस्थ महाद्वार रोडवर उभा राहून हाताने शिवलेल्या जोडासाठी शंभर रुपयांची घासाघीस करतो, आणि शेवटी रेक्झिनचा नकली जोड कोल्हापुरी म्हणून पिशवीत घालतो, त्याला काय म्हणावे? चामडे कमावणाऱ्यास व शिवणाऱ्यास समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले आणि त्याच्या हातची वस्तू मात्र मिरवली. निदान आता त्याची मजुरी तरी पुरी द्यावी. दुकानदारांनीही अस्सल व नकली माल वेगळा मांडून तसे स्पष्ट लिहावे. मानांकनाचा कागद भिंतीवर टांगून खाली खोटा माल विकणे हा गिऱ्हाइकाचा आणि कारागिराचा, दोघांचाही विश्वासघात आहे.

यजमान गावाचेही कर्तव्य आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून शिरून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या स्थपतीचे हे गणित इतके अचूक की आजही लोक श्वास रोखून ते पाहतात. पण वाटेतील इमारतींचे वाढीव कोपरे व धुरळा किरणांच्या आड येतात, अशी तक्रार पुनःपुन्हा ऐकू येते. देवीची ओटी भरावयाची आणि तिच्याकडे येणारा उजेड अडवावयाचा, ही कोणती भक्ती? तीच गोष्ट रंकाळ्याची व पंचगंगेची. ज्या पाण्यास तीर्थ म्हणावयाचे त्यातच सांडपाणी सोडावयाचे, याला धर्म म्हणत नाहीत व नागरिकत्वही म्हणत नाहीत.

तेव्हा आमच्या सूचना थोडक्यात अशा. महापालिकेने दसरा चौकापासून बिंदू चौकापर्यंत पायी फिरण्याचा एक मार्ग आखावा, आणि प्रत्येक ठिकाणी त्या त्या हुकुमाचा मूळ मजकूर सोप्या मराठीत लावावा. बिंदू चौकात 1950 साली उभारलेले जोतीराव फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे आहेत. मार्गाचा शेवट तेथे व्हावा हे सर्वथा उचित. लॉजवाल्यांनी सणाचे दर आधी जाहीर करून दारावर लावावे व त्यांत अखेरच्या घटकेस बदल करू नये. रिकाम्या हाताने परतणारा पाहुणा पुन्हा येत नाही, हा व्यापाराचा साधा हिशेब त्यांस आम्ही सांगावयास नको. शाळांनी सुट्टीनंतर मुलांकडून सहलीचा वृत्तांत लिहून घेतात, त्यात एक प्रश्न घालावा : तुम्ही गेलात त्या गावाने लोकांसाठी काय केले?

पाहुण्यांस मात्र आमची विनंती एकच. देवीचे दर्शन खुशाल घ्या, रस्साही पोटभर जेवा. पण दोन दिवसांतील दोन तास त्या जुन्या वसतिगृहांच्या दारांसाठी राखा, आणि बरोबरच्या मुलांना सांगा की याच गावात एके काळी जात पाहून खोली नाकारली जात असे, व याच गावाच्या राजाने ती रीत मोडण्यास आरंभ केला. तो आरंभ कोठवर पोहोचला, हे मुलांनी आपल्या घरी, आपल्या आळीत, आपल्या गावच्या पाणवठ्यावर जाऊन पाहावे. पुढचे काम त्यांच्यासाठी तेथे शिल्लक आहेच.