चंद्रभागा की भीमा?
पंढरपूर कोणत्या नदीकाठी आहे, या प्रश्नास ‘चंद्रभागा’ असे उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापणे योग्य नव्हे. नकाशातील भीमाच तेथे चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिला हे नाव. वारकऱ्यास नकाशा दाखविला, तरी तो स्नान चंद्रभागेतच करणार! उजनी धरणाच्या जलाशयाचे अधिकृत नाव यशवंतसागर; लोक मात्र उजनीच म्हणतात.

नावांवरून राष्ट्रांतही तंटे होतात. ‘जपानी समुद्र’ या नावास कोरियाने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत हरकत घेतली. त्यास ‘पूर्व समुद्र’ हवा. अखेर २०२० साली आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेने नव्या नोंदीत सागरांस नावांऐवजी क्रमांक देण्याचे ठरविले.

वर्गात भीमा नकाशावर दाखवावी व पंढरपूरच्या वळणाशी ‘चंद्रभागा’ हे नाव मुलांकडूनच लिहवून घ्यावे.